बाईंनी मागितलेलं पाणी

“मनकर्णा, जरा पाणी देतेस का गं?”

वंदनाबाईंनी हे विचारलं आणि मनकर्णा जागच्या जागी उभी राहिली. जामबागेतल्या शाळेत बाई शिक्षिका होत्या, ती आयाबाई. सगळ्यांना पाणी मनकर्णाच द्यायची. वंदनाबाई मात्र घरची बाटली आणायच्या. “माझा घसा नाजूक आहे गं,” म्हणायच्या. अंबरपेठेतल्या या घरी मनकर्णेच्या मुलीच्या लग्नाला आल्या, आहेर केला आणि घोटभर पाणी न पिता गेल्या. त्या नाजूक घशाची जात मनकर्णेला तेव्हाच कळली होती. पण नोकरी करायची तर मूग गिळून बसावंच लागतं.

आज निवृत्त बाई भर उन्हातून तिच्या नवऱ्याला, तातेरावांना, भेटायला आल्या होत्या. तातेरावांचा गळा सुजला होता. गल्लीत आणखीही काहींचा सुजला, तेव्हा कुठे पाणीखात्याच्या साहेबांनी पाणी तपासलं. नळात कोबाल्ट निघालं, गळा सुजवणारा धातू, कुठल्याशा कारखान्याच्या सांडपाण्यातला. पिऊ नका, टँकर पाठवतो, म्हणाले. सरकारी काम आणि सहा महिने थांब! आजही टँकर आला नव्हता.

“जरा दम धरा, बाई. हे कॅन आणायला गेलेत.”

“कॅन कशाला? ही बादली भरलीय की.”

“नक्को बाई, ते खराब हाय. कोबाल्ट निघालंय त्यात. आमी निस्ती भांडी घासतो.”

बाई ओशाळून हसल्या. “असू दे. मीही अशीच कारणं सांगायचे. आता तुझी पाळी.”

“कारण न्हाई ओ! खरंच सांगतेय.”

पण बाई उठल्याच. त्यांनी फळीवरचा पेला घेतला, बादलीत बुडवला आणि ओठांशी नेला. मनकर्णेनं झडप घालून तो हिसकावला. पाणी बाईंच्या साडीवर सांडलं.

सबंध नोकरीभर जे बघायची आस होती, ते डोळ्यांदेखत घडत होतं आणि तिनंच ते मोडलं. तिला रडू आलं, संतापही आला. साहेबांचा, कारखान्याचा, बाईंचा, त्या नितळ दिसणाऱ्या पाण्याचाही.

“मनकर्णा, अगं, खरंच होतं का ते?” बाईंनी तिचा हात धरला.

तिनं हात सोडवून घेतला.

“पानी चांगलं होतं तवा यायचं होतं, बाई,” ती म्हणाली आणि सांडलेलं पुसायला खाली बसली.