जाळीवाल्या बाईचा निरोप

"या हवेलीचे धनी सर एडमंड वारले त्या पहाटे," हेस्टर प्राउझ आवाज उतरवत म्हणाल्या, "दोन मोलकरणींनी खिडकीतून पाहिलं. काळ्या कपड्यातली बाई, तोंडावर काळी जाळी, हातात हवेलीची मोठी किल्ली! किल्लीने तिने याच भिंतीवर बाहेरून टकटक केली, काहीतरी पुटपुटली आणि धुक्यात गेली. पोरी लंडनहून नव्याच आलेल्या. त्याच दिवशी गाशा गुंडाळून पळाल्या! तेव्हापासून ही भिंत कण्हते. ऐका."

लार्कम हॉलच्या निळ्या खोलीत शाळेच्या पोरांनी कान टवकारले. भिंतीतून बारीक, लांबच लांब हुंकार येत होता.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हेस्टरबाई या संग्रहालयात पाहुण्यांना ही गोष्ट सांगत. पण आज शेवटची वेळ होती. बाहेर गवंडी चुना कालवत होता. व्यवस्थापक क्लाइव्ह सकाळीच म्हणाला होता, "फटीतून वारा शिरतो, हेस्टर. दुपारपर्यंत तुमचं भूत मुकं!"

टॅम्सिन नावाच्या मुलीने हात वर केला. "मिस, किल्ली होती तर ती दार उघडून आत का नाही आली?"

"भुताला किल्ली कशाला लागते, येडे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मग भिंतीला का ठोकलं? आत कोण राहतं?"

हेस्टरबाईंना आजी आठवली. त्यांच्या गावी आजोबा गेले तेव्हा आजीने घराची किल्ली घेऊन मधमाश्यांच्या पेट्यांवर टकटक केली होती. "धनी गेले गं, आता मी आहे." घरातला मृत्यू माश्यांना सांगितला नाही, तर त्या रुसून निघून जातात, असं गावात मानत!

"मिस, ही भिंत थंडीतही कण्हते?" टॅम्सिनने विचारलं.

"नाही गं! थंडीत चिडीचूप! लंडनच्या पोरींना काय कळणार, पण मी खेड्यातली, मीही तेवढीच ठोंबी! पळा!"

सगळी वरात बाहेर. गवंड्याची थापी फटीला टेकणार, एवढ्यात बाई ओरडल्या, "थांबा!"

"काय झालं? भूत चावलं?" क्लाइव्हने विचारलं.

"तुम्हाला चावेल! भिंतीवरची ती वेल बाजूला करा."

गवंड्याने वेल ओढली. मागे भिंतीत पोळ्यांसाठी केलेल्या दगडी कोनाड्यातून सोनेरी मधमाश्यांचा लोट बाहेर आला आणि गवंडी थापी टाकून हौदापर्यंत पळाला. पोरं टाळ्या पिटायला लागली.

"छान!" क्लाइव्ह कपाळाला हात लावून म्हणाला. "आता पाहुण्यांना काय सांगू? भूत नाही म्हणून?"

"खरं ते सांगा," हेस्टरबाई म्हणाल्या. "नवरा गेला त्या पहाटे बायको आधी इथे आली. या माश्यांना सांगायला, धनी गेले म्हणून."

क्लाइव्ह फटीजवळ गेला. मग गवंड्याला म्हणाला, "तो चुना मागच्या पायरीला लावा. ही फट राहू दे."

तोवर टॅम्सिन आत पळाली होती. भिंतीला पहिला कान कुणी लावायचा, यावरून निळ्या खोलीत धक्काबुक्की सुरू झाली.