चहाआधीचा पेपर

सकाळी दिवा लावायचा, माळ ओढायची आणि गावचा पेपर ऐकल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, असा माझा नेम आहे. पहिल्या दोन गोष्टींना कोणी हसत नाही. तिसरीला माझ्या खोलीत राहणारी नर्स रोज हसते.

"देव कळला, माळ कळली. पण पेपर कुठल्या पोथीत सांगितलाय गं, नेमवाले?"

मी नुसती हसते. घरी असताना बाबा ओसरीवर बसून पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी आत देवापुढे बसून ऐकायची. कोण गेलं, कोणाला मुलगी झाली, कोणाची गाय चुकली. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी देवाकडे काहीतरी मागायचं, ही माझी पूजा. मग कामासाठी या मुलखात आले. मोठ्या दवाखान्याच्या शिवणखोलीत दिवसभर चादरींचे उसवलेले काठ शिवते, डॉक्टरांच्या कोटांना बटणं लावते. माणसं इथलीही चांगली आहेत, पण नावं ठाऊक नाहीत. मागू तरी कोणासाठी? आमचा चार पानी पेपर काही मोबाईलवर येत नाही. म्हणून बाबा रोज फोनवरून वाचून दाखवतात आणि मग माझा चहा होतो.

अलीकडे मात्र गावात कोणी मरेनासं झालं.

कुणा मास्तरांची सायकल चोरीला गेली आणि सापडली. नळाला पाणी आलं. कुणाची तरी मुलगी धावण्यात पहिली आली. निधनवार्ता एक नाही. मी नर्सला सांगितलं, तर म्हणाली, "मग तुझी पूजा पावली म्हणायची! आमच्या वॉर्डासाठीही जरा वशिला लाव की."

तेवढ्यापुरतं हसू आलं. पण पान उलटल्याची सळसळही बदलली होती. नवा पेपर खळ केलेल्या कापडासारखा कडक वाजतो. हा मऊ वाजत होता, शंभरदा धुतलेल्या चादरीसारखा. मला शंका आली. परदेशी राहणाऱ्यांपासून घरचे लोक वाईट बातमी लपवतात. 'एकटी आहे तिथं, कशाला सांगा,' म्हणतात. दादाचाही बरेच दिवसांत फोन नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत वहिनींना फोन लावला. "वहिनी, खरं सांगा. आपल्यातलं कोण गेलं?"

"अगं बाई! काय अभद्र बोलता, वन्सं? सगळे ठणठणीत आहेत. तुमचे दादा आत्ता घोरतायत, ऐकवू का?" मग हळूच म्हणाल्या, "घरातलं माणूस नाही गेलं. पेपर गेला."

"म्हणजे?"

"संपादक थकले. छापखाना बंद केला. मी मामंजींना म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाले, पोर नेमाची पक्की आहे, परक्या ठिकाणी बिनचहाची कामाला जाईल. आता जुना अंक पुढ्यात धरतात, चष्मा पुसतात आणि मनचं सांगतात. सकाळपासून तोच घोर, आज काय छापू? फिरायला जाणंसुद्धा सोडलंय. परवा मलाच म्हणाले, सूनबाई, एखादी बरी बातमी सुचते का? ती सायकल मीच हरवली, वन्सं. आणि मीच सापडवली."

"आणि निधनवार्ता?"

"त्या सुचवल्या तर रागावले. खोटं मरण कोणाच्या कपाळी लिहू, म्हणाले."

मी मशीनवर येऊन बसले. नसलेल्या मास्तरांसाठी, नसलेल्या मुलीसाठी मी इतके दिवस हात जोडले होते. त्याचं दुःख झालं नाही. देव काही पत्ता चुकायचा नाही, ज्याची सायकल खरंच हरवली असेल त्याच्याकडे पोचलं असेल सगळं. टोचलं ते वेगळंच. नेम माझा आणि उपास बाबांना घडत होता. पण सांगावं तर ते ओशाळतील, न सांगावं तर असेच घरात बातम्या रचत बसतील. आणि घेतलेला नेम मी आजवर कधी मोडलेला नाही. संध्याकाळी दिवा लावून देवाशीच बोलले, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घसा खाकरला. "हं, ऐक. पान पहिलं..."

"बाबा, आजपासून नेम थोडा बदललाय."

"असा बदलतात होय नेम?" त्यांचा आवाज घाबरा झाला.

"देवाला विचारून बदललाय. पेपर नको. तुम्ही नाक्यापर्यंत जायचं आणि कोण दिसलं ते मला सांगायचं. मगच चहा."

मग कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"सूनबाईनं सांगितलं वाटतं."

"वहिनींची सायकल सापडली, बाबा."

ते खुदकन हसले. "पण तुला कामाला उशीर होईल."

"मग पाय उचला पटापट."

चपला सरकल्या, फाटक वाजलं. फोन कानाला लावूनच ते चालत होते. दूधवाला भेटला, गुडघा कसा आहे म्हणाला. शाळेला रंग लागतोय. मग पावलं थांबली.

"घड्याळजीचं दुकान बंद आहे," बाबा म्हणाले.

घड्याळजी म्हणजे बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. सकाळी आमच्याकडे वाचून झालेला पेपर संध्याकाळी त्याच्या दुकानात दोघं पुन्हा वाचायचे, दर बातमीवर भांडत.

"उघडेल थोड्या वेळानं."

"नाही उघडायचं, बाळ. पेपर बंद पडला त्याच आठवड्यात तो गेला. कुठे छापूनसुद्धा आलं नाही त्याचं. तुला सांगायचं रोज ठरवायचो. तोंडातून निघेना."

डोळे पुसून मी वात पुढे सारली. "बाबा, त्यांचं पूर्ण नाव सांगा. देवापुढे घ्यायचंय."

बाबांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. आणि मग तिथे रस्त्यात उभं राहून, पेपर वाचायच्या त्याच आवाजात म्हणाले, "यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली..." त्यांनी घसा खाकरला. "दोन मुली आणि एक मित्र असा परिवार आहे."

मी हात जोडले, ते नाव घेतलं. नर्सनं माझा चहा पुन्हा गरम करून आणला. बाबा फोनवर तसेच उभे होते.

"घेतलास का गं?" त्यांनी विचारलं.

"घेते," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश घरी जा."