तीन मिनिटं वाट

"वाढ," विनुतानं वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. "वाढ, तीन मिनिटं. पंगतींत सापाड वाढतात की नाहीं, तेंच असेल. होय कां, आत्या?"

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या चंद्रमतीनं डावा हात दणकन खुर्चीवर आपटला. वाढ नव्हे गं बये, वाट! वाट बघायची! पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं. बरं!"

आठ महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवं अंग गेलं आणि त्र्याहत्तर वर्षांच्या साठ्यातला हा एकच शब्द तोंडात राहिला. भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं. अक्षरंही तिला आता ओळखू येत नव्हती. देवाला ठेवायचाच होता एक शब्द, तर निदान 'नको' तरी ठेवायचा!

चूक तशी विनुताची नव्हती. चंद्रमती तंजावुरची; घरात मराठी बोलली, शाळेत तमिळ शिकली. देवनागरी या घरात कुणालाच धड येत नव्हती. म्हणून नाचाच्या सगळ्या वह्या तिनं मराठीतच, पण तमिळ अक्षरांत लिहिल्या. तमिळमध्ये ट आणि ढ यांना अक्षर एकच. वाट लिहा नाहीतर वाढ, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. ती समोर उभी राहून शिकवत होती, तोवर कधी अडलं नाही.

विनुता ही तिची भाची, बँकेत नोकरीला. तिनं ते भुवनाला तमिळमध्ये समजावलं. भुवना चंद्रमतीची शेवटची शिष्या, आता नाचाची कंपनी तीच चालवत होती. ती ओढणी खोचून उठली. चार पोरींना तिनं ओळीनं बसवलं, आणि रिकाम्या हातांनी त्यांच्यापुढं भात, सांबार वाढत गेली. सुरेख वाढलं, ते कबूल करायला हवं. शेवटच्या पोरीला तर आग्रहसुद्धा केला.

चंद्रमतीनं जिवाच्या आकांतानं मान हलवली. नाही, नाही, नाही.

"बघितलंस?" भुवना तमिळमध्ये म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अम्मा डोलतायत!"

या गावात गाणं आवडलं की माणसं अशीच मान हलवतात. चंद्रमती रडकुंडीला आली. भुवनानं तिच्या पायांना हात लावला.

'कावेरी' हा चंद्रमतीच्या कंपनीचा सगळ्यात मोठा बॅले. तरुणपणी मद्रासच्या एका मंडळीबरोबर ती देशभर नाचून आली आणि तंजावुरात परत येऊन तिनं स्वतःची कंपनी काढली. देवळांच्या या गावात बॅले कसला, म्हणून भले भले हसले. तिनं पत्र्याच्या ट्रंका व्हॅनवर बांधल्या आणि पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत खेळ केले. मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटल्याचं कळलं, की कालव्याकाठची एक बाई इतर बायकांबरोबर ते बघायला निघते, एवढीच 'कावेरी'ची गोष्ट. बाकीच्या बायका घरी जातात. ही कपाळावर आडवा हात धरून उभी राहते. पाणी येत नाही. तीन मिनिटं संगीत नाही, हालचाल नाही. ती तीन मिनिटं चंद्रमती स्वतः उभी राहायची. एकदा पापनाशमला पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उठून तिच्यासारखाच हात धरून उभा राहिला होता. त्याहून मोठं बक्षीस तिला कुणी दिलं नाही.

दिल्लीच्या महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी सुचवलं, शेवटी पाणी आणा, लोकांना बरं वाटेल. चंद्रमती म्हणाली, "लोकांना बरं वाटावं म्हणून नदी येत नाहीं." बोलावणं गेलं. पुन्हा आलं नाही.

त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून 'कावेरी' झालाच नव्हता; भुवनानं तो कधी पाहिला नव्हता. तेव्हाच्या पोरी कुठं कुठं पांगल्या होत्या. बॅलेची फिल्म कुणी घेतली नव्हती. उद्याच्या खेळाची पहिल्यांदाच घेणार होते, आणि पुढं कुणी बसवला तर त्या फिल्मवरूनच बसवणार होते.

रात्रभर तिनं डावा हात उचलायचा सराव केला. तोही आता जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. विनुतानं तिला रेशमी साडी नेसवून पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. शेवटचा प्रवेश आला. बायका घरी गेल्या. भुवना एकटी उरली, आणि क्षणभर चंद्रमतीला वाटलं, आता हिचा हात वर जाईल. पण विंगेतून हसत हसत पोरी आल्या आणि पंगत बसली.

चंद्रमतीनं सगळा जीव डाव्या हातात आणला. हात मांडीवरून सुटला, गळ्यापाशी आला, कपाळावर आडवा झाला. तिथंच राहिला. तिचं तोंड रंगमंचाकडे होतं. भुवनानं पाहिलंही. ती वाढता वाढता हसली.

"अय्यो, लाइट डोळ्यांत मारतें कां, आत्या?" विनुता कुजबुजली. तिनं खुर्चीचा ब्रेक काढला आणि खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली. "आतां बरं?"

मागं टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना फार बरं वाटलं होतं.

"बरं," चंद्रमती म्हणाली. भिंतीकडे बघत तिनं हात तसाच धरून ठेवला, तीन मिनिटं पुरी होईपर्यंत.