छगनची गोधडी

"दगाभाऊ, आज चालनं नई शे. झोप ना!" कलाबाईने चुलीपासूनच ओरडून सांगितलं. पण दगा केव्हाचा बसूनच होता.

सुरतच्या नवागामातून सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेल्या साठ माणसांचा मुक्काम बारडोलीच्या पुढे एका आंब्याखाली पडला होता. बहुतेकांच्या तळपायांना फोड आलेले, म्हणून आजचा दिवस विश्रांतीचा. पाठीवरच्या पिशव्या उशाला घेऊन सगळे घोरत होते. दिवसाढवळ्या झोपायला यंत्रमागावरच्या लूमवाल्यांना शिकवावं लागत नाही. निम्म्यांचा जन्मच रातपाळीत गेलेला.

दगाही रातपाळीवाला. नवागामच्या खोलीत त्याची आणि छगनची मिळून एकच गोधडी. सकाळी सातला दगा यायचा आणि छगन उठून कामावर जायचा. संध्याकाळी उलट. बारा वर्षं दोघं एकाच गोधडीवर झोपले, पण बरोबर कधीच नाही. दगाला छगन ठाऊक होता तो जास्त करून गोधडीतल्या उबेवरून. "गडवर पायी जाऊत, तवय दोन्हीजन संगेच झोपूत," असं छगन म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

पौषात एका सकाळी छगन उठलाच नाही.

"आंगमा ताप शे, भो. आज पडू दे माले."

दगा बारा तास उभा राहून आलेला, डोळे मिटत होते. "ऊठ ना भो, आते मनी पाळी शे," म्हणत त्याने छगनच्या अंगाखालून गोधडी ओढली. छगन उठला. तोंडावर पाणी मारून कामावर गेला. दगा आडवा झाला. ऊब नेहमीपेक्षा जास्त होती. थंडीत ती त्याला बरी वाटली होती, आणि नेमकं तेच आता त्याला सहन होत नव्हतं. दुपारी छगन दोन मागांच्या मधल्या बोळात कोसळला, तो गेलाच. निरोप आला तेव्हा दगा गाढ झोपेत होता.

तीच गोधडी पाठीवर घेऊन तो गडाकडे निघाला होता. वाटेतल्या तीन रात्री तिच्याजवळ नुसता बसून काढल्या होत्या. चालताना त्याला जरा बरं वाटायचं. आज चालणंच नव्हतं.

कलाबाई चहा घेऊन आली. गोधडी नीट अंथरलेली होती आणि दगा शेजारी मातीत बसला होता.

"असा काबर बसना? तीन रात व्हई गयात, आंग टाक ना जरासं."

"झोपू दे त्याले," दगा म्हणाला. "ताप शे."

कलाबाई त्यांच्या शेजारच्याच खोलीतली. तिला सगळं माहीत होतं. तिने चहा खाली ठेवला, आणि परत जाऊन भांडी घासणाऱ्या बायांवर हळूच डाफरली, "आवाज नका करा व माय!"

दुपारी सावली सरकली. गोधडीच्या कडेवर ऊन आलं तसा दगा उठला. दोन्ही टोकं धरून त्याने ती हळूहळू, जराही धक्का न लावता, सावलीत ओढून घेतली आणि पुन्हा शेजारी बसला.