चिमणीचे निरोप

जरा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे आहात आणि तुमची खुर्ची आई आणि बाबांच्या बरोबर मध्ये आहे. ती तिथे कोणी ठेवलेली नाही, तुम्हीच ओढून आणली आहे. समोरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आहे आणि बाबा सारखे घड्याळाकडे बघताहेत.

चिमणी तशीच बसली होती. आत येताना समुपदेशक बाईंनी तिला कोपऱ्यातली लाकडी ठोकळ्यांची पेटी दाखवली, तेव्हा ती म्हणाली होती, "ते लहान मुलांचं आहे."

दाराजवळच्या खुर्चीत दादा होता. कॉलेज सोडून त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं आणि तोंडाला जणू कुलूप लावलं होतं. डॉक्टरांनी सगळ्यांना या बाईंकडे पाठवलं. घरातली माणसं एकत्र बसून बोलली, तर अशा मुलांना कितपत बरं वाटतं, याचा त्या अभ्यास करत होत्या; कॅमेरा त्यासाठीच होता.

"अभ्यासाला आमचंच घर सापडलं," बाबा पुटपुटले. आज यातून काही निघालं नाही तर पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी जिन्यातच बजावलं होतं. आणि सगळे येणार असतील तरच दादा येणार होता. चिमणीला दोन्ही ठाऊक होतं.

"घरी एकमेकांशी कसं बोलता?" बाईंनी विचारलं.

"बोलतो की," आई म्हणाली. "हिच्यामार्फत."

बाबांनी मानही वळवली नाही. "चिमणे, आईला सांग, पोराला डोक्यावर बसवलं, त्याची फळं आहेत ही."

आई हाताच्या अंतरावर होती. तिने शब्दन् शब्द ऐकला होता. तरी चिमणी सवयीने तिच्याकडे वळली.

"आई, बाबा म्हणतात, तू फार दमलीस."

सगळे तिच्याकडेच बघू लागले. मग चिमणीचे कान तापले. घरी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक बोळ होता. तेवढ्या वाटेत निरोप बदलता यायचा. इथे बोळच नव्हता.

"म्हणजे मला ताप होता," आई हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा ते 'बाबा म्हणतात, पडून राहा', ते..."

चिमणी बुटांकडे बघत राहिली.

"आणि आई जेवायची थांबलीये, म्हणून सांगायचीस ते?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात दाराकडून खरखरीत आवाज आला.

"माझी खोली बोळाला लागून आहे. मला दोन्ही ऐकू येतं. आधी तुमचं, मग हिचं."

एवढं बोलून दादा पुन्हा नखं बघू लागला. आईचा हात तोंडाशी गेला. बाबा ताडकन उठले. चिमणीने त्यांची बाही घट्ट धरली. ते गेले, की दादाही पुन्हा येणार नव्हता.

बाबा क्षणभर दाराकडे, म्हणजे दादाकडेच, बघत उभे राहिले. मग खाली बसले.

"चिमणे, आईला सांग..." ते म्हणाले आणि अडले.

चिमणीने ओठ उघडले होते. बाईंनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

बाबांनी घसा साफ केला. चिमणीच्या डोक्यावरून त्यांनी आईकडे पाहिलं.

"ताप कधी आला होता तुला?"

आई त्यांच्याकडे वळली. ती आता चिडेल की रडेल, चिमणीला काही कळेना. दाराजवळ दादाने मान वर केली होती.

चिमणी खुर्चीवरून उतरली. खुर्ची तिने दोन्ही हातांनी मागे ओढून भिंतीला लावली.

"तुमचं चालू दे," ती म्हणाली. आणि कोपऱ्यात जाऊन तिने ठोकळ्यांची पेटी फरशीवर उपडी केली.