चुनेकऱ्याचं घर

कुरुळीच्या गणेश मंडळाला मालोजी शब्द देऊन बसला होता. दर वर्षी देखाव्यात किल्ला, नाहीतर हिमालय. यंदा हा गडी भर बैठकीत उठला आणि म्हणाला, "माझी स्वरूपा समुद्रातल्या ज्या जिवाचा अभ्यास करती, त्याचं घर करू. गणपती आत बसंल."

पोरगी गोव्यात शिकते हे गावाला ठाऊक होतं. काय शिकते, हे खुद्द मालोजीला सांगता येत नसे. "मासळीचं कायतरी," असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा आणि मनातून खजील व्हायचा. यंदा तिचं काम गावाने डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्याची हौस होती.

स्वरूपाने फोनवर सांगितलं, चुन्याचं घर बांधणारं शेवाळ. "मासा न्हाई, शंख न्हाई, शेवाळ?" खजिनदार दत्तोबा म्हणाला. "पोरगी चुना लावणार राव गावाला!"

"चुनाच बनवतं ते," मालोजी गुरगुरला.

सुट्टीला आलेल्या स्वरूपाने बापाला सगळं समजावून सांगितलं. डोळ्याला न दिसणारं, एकाच पेशीचं शेवाळ. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम घेतं, पोटातल्या पोटात स्फटिकांची चकती घडवतं आणि बाहेर ढकलतं. अशा चकत्या एकमेकींत अडकून त्याच्याभोवती चिलखत तयार होतं. मालोजीने चाकणच्या कंपनीत प्रेसवर उभ्या जन्मात चकत्याच पाडल्या होत्या. तो सरसावून बसला.

"साचा कोण करतं?"

"साचा नाही, आप्पा. इवलीशी थाळी असते. तिच्या काठावर स्फटिक उगवतात. एक उभा, एक आडवा, पुन्हा उभा. वाढता वाढता एकमेकांना धरतात."

"अन् रिजेक्शन?"

"निघते एखादी वेडीवाकडी."

"ऑपरेटर चांगला हाय," मालोजीने पसंती दिली. कॉकोलिथोफोर हे नाव मात्र काही केल्या त्याच्या जिभेवर बसेना. त्याने आपलं नाव ठेवून दिलं, चुनेकरी.

कंपनीने भंगारातल्या चकत्या दिल्या. दोन चकत्यांमध्ये पाइपचा तुकडा, म्हणजे दोऱ्याच्या रिळासारखा आकार. एकीची कड दुसरीच्या खाचेत. मांडवात बांबूंच्या टेकूवर माणसापेक्षा उंच गोळा उभा राहिला, दर्शनाला समोर मोठी खिडकी. "बांबू काढले की झालं," स्वरूपा म्हणाली. "चकत्याच एकमेकींना धरतात, आत आधार लागत नाही."

मालोजीने मान डोलावली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ती जेवायला गेली, तसा त्याने गुपचूप मधोमध लोखंडी खांब बसवला आणि मगच बांबू काढले. पोरीवर विश्वास नव्हता असं नाही. पण कोसळलं तर हसं तिचं झालं असतं, आणि ते त्याला बघवलं नसतं.

सकाळी ढोल वाजवत मूर्ती आली. चौरंग आत सरकवला, तो खांबाला अडला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जागाच नव्हती. ढोल थांबले.

"आप्पा, हा कुणी बसवला?"

"मी," मालोजी खाली बघत म्हणाला.

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती खळखळून हसली. "काढा तो."

"काढू नका, पडंल!" दत्तोबा ओरडला. "मूर्ती भायेरच बसवू."

मालोजीने लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. त्याने पाना उचलला. "समदे लांब व्हा. पडलं तर माझ्यावर पडंल."

तो आत शिरला, तर मागोमाग स्वरूपाही शिरली आणि तिने खांब धरला. मालोजीने पाना फिरवला. नट सुटला, खांब तिरका झाला, आणि सगळा गोळा कर्रर्र करत बोटभर खाली बसला. मालोजीने डोळे मिटले. मग काहीच झालं नाही. डोळे उघडून बघतो, तर कडा खाचांमध्ये घट्ट बसल्या होत्या आणि गोळा जागचा हलत नव्हता.

दत्तोबाने बाहेरून दणादण बुक्क्या मारून पाहिल्या. "अरं, हालंना की!" ढोल पुन्हा घुमले. खांब बाहेर गेला, चौरंग आत आला, बाप्पा बसले.

"आप्पा, बाहेर चला. आरती सुरू होतेय."

"व्हा तुमी फुडं. मी चकत्या बघतो जरा."

तो चकत्या बघत नव्हता. मूर्तीच्या मागे उभा राहून उपरण्याने डोळे पुसत होता, आणि आनंद काही आवरत नव्हता.

बाहेर आरतीला आलेल्या सगुणाबाई विचारत होत्या, "मालोजीची पोरगी काय शिकती म्हनायची?"

दत्तोबाने तोंड उघडायच्या आधीच बाप्पांच्या मागून खणखणीत आवाज आला, "कॉकोलिथोफोर!"