गाभाऱ्यात भिजलेली बारूद

मित्रांनो, मी एक जुनी बारूद आहे. जत्रेत जाड लोखंडाची ठेंगणी उखळी जमिनीत रोवतात, तिच्यात ठासतात ती काळी भुकटी म्हणजे मी. कोळसा माझा बाप, गंधक माझी आई. सोरा घरात आला तेव्हा कुठे अंगात जीव आला. सिल्लोडच्या परवान्याच्या दुकानातून पत्र्याच्या डब्यात बसून मी पाचोडजवळच्या एका खेड्यात आले, भैरोबाच्या जत्रेला.

तिथे उखळीचा मान कडुबाच्या घराकडे. बार झाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. त्या वर्षी माझ्यातली निम्मी उडाली आणि शिवारभर दणका घुमला. कडुबाच्या पाठीवर थाप मारून लोक म्हणाले, "औंदाचा बार लई खणखणीत." ते कौतुक मी डब्यातून ऐकत होते.

देवाची बारूद घरात कशी ठेवायची, म्हणून कडुबाने उरलेला डबा गाभाऱ्यात मूर्तीमागे ठेवला. मान म्हणून ती जागा मोठी, पण बारुदीला ती मानवणारी नव्हती. रोज पहाटे अभिषेक. देवाच्या अंगावरचे पाणी ओघळत माझ्या बुडाशी यायचे. मग करोनात जत्राच भरली नाही. पुढे नवी बारूद येत गेली, आणि मी मागेच राहिले. सोरा अंगातून फुटून पांढरा वर आला. माझी ढेकळे झाली.

यंदा दुकानात माल आला नाही. जत्रेच्या सकाळी कडुबाला माझी आठवण झाली. त्याने मला अंगणात गोणपाटावर पसरले. उन्हाने वरून खडखडीत झाले. आतून मात्र मी विस्कटलेलीच. कुठे नुसता कोळसा, कुठे नुसता सोरा. अशी बारूद कधी फुसकी निघेल, कधी हातातच पेटेल, ते तिचे तिलाही सांगता येत नाही. आणि कडुबा लोखंडी खलबत्ता घेऊन माझ्यापुढे बसला.

"काय चाललंय?" आवडाबाईने, त्याच्या बायकोने, दारातून विचारले.

"ढेकळं कुटतो. देवापाशी व्हती, तिला काय धाड भरलीय?"

"देवापाशी व्हती म्हणूनच भिजली. ठिवा तो बत्ता खाली."

"अन् पालखी कशी उठायची? बापजाद्यांचा मान हाय तो."

"मान तुमचा, अन् कुंकू माझं. दोन्ही एकाच खलात कुटता व्हय?"

कडुबाने बत्ता उचलला. मित्रांनो, माझ्या अंगात तेव्हा भीतीही होती आणि हावही होती. एकदा तरी पुन्हा गरजावे, असे कुठल्या बारुदीला वाटत नाही? पण बत्त्यामागे ते दोन हात होते.

आवडाबाई वाद घालत बसली नाही. तिने पाण्याची घागर आणली आणि माझ्यावर उपडी केली. मी काळा चिखल होऊन गोणपाटात बसले. कडुबाने बत्ता खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आता गावाला काय तोंड दाखवू?"

"हेच दाखवा. धडकं हाय तवर."

तिने पोलीस पाटलाला निरोप धाडला, आणि मला न्यायला माणसे येईपर्यंत अंगणात कुणाला फिरकू दिले नाही.

देऊळ समोरच, आणि मी अजून अंगणातच. दुपारी पालखी सजली, हलगी थांबली. भोई कडुबाकडे बघत राहिले. रिकाम्या, पुसलेल्या उखळीपाशी तो उभा होता. शेवटी त्याने लोहाराचा घण मागून घेतला, दोन्ही हातांनी उचलला आणि उखळीच्या अंगावर घातला. ठण्ण असा आवाज देवळाच्या भिंतीला लागून परतला.

कुणी हसले नाही, कुणी हललेही नाही. पुढच्या दांडीचा भोई इंद्रजीत म्हणाला, "मामा, ह्यो बार धरायचा का?"

"धर की. बहिरा हाईस का?"

मग मात्र सगळे हसले, आणि हसता हसता पालखी उठली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी बारूद कुठे सापडली, तर तिला वाळवू नका, कुटू नका, हातही लावू नका. लांब व्हा आणि मोठ्यांना, पोलिसांना कळवा. माझे वाया जाणे मनाला लावून घेऊ नका. पालखी अंगणावरून गेली तेव्हा कडुबा गुलाल उधळत होता, दोन्ही मुठींनी.